लग्नाची, पाटाची आणि घरातली : विधीवाचूनच्या संसाराचा कायद्यातील इतिहास

पेशवाईच्या काळातील करांच्या याद्या चाळताना 'लग्नटका' आणि 'पाटदाम' अशी दोन नावे वाचकाच्या दृष्टीस पडतात. पहिला कर लग्नावरचा. दुसरा पाटावरचा, म्हणजे विधवेच्या अथवा सोडचिठ्ठी झालेल्या स्त्रीच्या दुसऱ्या संसारावरचा. विधवेने पुन्हा घर मांडले म्हणून तिच्याकडून पैसा उकळावा हे आज आपणांस विचित्र वाटेल, व ते विचित्र आहेच. तथापि या कराची एक दुसरी बाजू आहे. ज्या गोष्टीचा दाम सरकार वसूल करते ती गोष्ट घडली, हे सरकारला नाकारता येत नाही. पाटाच्या बायकोजवळ होमाचा अग्नी साक्षीला नसे, सप्तपदी नसे. परंतु दफ्तरात तिचा दाम जमा असे.

अलीकडे आपल्या तरुण मंडळींत एक प्रश्न वारंवार विचारला जातो : लग्न न करता स्त्रीपुरुष एकत्र राहू लागली, तर कायदा त्यांना नवराबायको केव्हा समजतो? हा प्रश्न विलायतेहून आला अशी वडीलधाऱ्यांची समजूत असते, आणि त्यावरून घरोघर वादही होतात. वस्तुस्थिती अशी आहे की, हा प्रश्न आपल्या पणज्यांच्या वेळचा आहे. आपल्यासारख्या अनेक ज्ञातींनी तो आपापल्या पंचांपुढे बसून सोडविलेला आहे आणि पुढे त्याच ज्ञातींनी तो प्रतिष्ठेपायी झाकूनही ठेवला आहे. प्रस्तुत लेखात त्याचा मागोवा घेण्याचा विचार आहे.

प्रथम पाटाविषयी. 'पाट लावणे', 'म्होतूर लावणे' हे शब्द आता आजीबाईंच्याच तोंडी उरले आहेत; गुजरातेत याच प्रकाराला 'नातरे' म्हणत. जुन्या गॅझेटियरांतून अनेक ज्ञातींच्या पाटाची वर्णने दिलेली आहेत व ती एकमेकींशी पुष्कळ जुळतात. विधी रात्री व्हावयाचा, पुष्कळदा वद्य पक्षात. सवाष्णींनी तिकडे फिरकावयाचे नाही. नववधूचे तोंडही त्यांनी काही काळ पाहावयाचे नाही. वर अविवाहित असला तर त्याचे लग्न आधी रुईच्या झाडाशी लावावयाचे, म्हणजे त्याचाही तो दुसरा विवाह ठरे. मंगलाष्टकांचा गजर नाही, वाजंत्री नाही. असे असूनही पाट चोरून झाला असे कोणी म्हणत नसे, कारण पंच बसलेले असत, विडे वाटलेले असत, गावच्या पाटलाला ठाऊक असे. 'लग्नाची बायको' आणि 'पाटाची बायको' यांत मानापमानाचा फरक होता खरा. देवकार्यात पाटाचीला मागे बसावे लागे. परंतु तिची मुले घरचीच असत. बापाच्या वावरात त्यांचा वाटा पडे. 'अकरमासे', 'लेकावळे' हे बोचरे शब्द त्यांना लागत नसत. ते नाटकशाळेच्या अथवा बटकीच्या संततीसाठी राखून ठेवलेले होते.

पाटाआधीचा नवरा हयात असेल तर काडीमोड अवश्य असे. पंचांसमक्ष गवताची काडी मोडावयाची, अगर सोडचिठ्ठी लिहून द्यावयाची, म्हणजे ती स्त्री मोकळी झाली. ही काडी वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिच्यावर पुष्कळ अवलंबून आहे.

शास्त्रकारांनाही लग्नाबाहेरचा संसार अज्ञात नव्हता. मनूने विवाहाचे आठ प्रकार सांगितले, त्यांत गांधर्व हा केवळ परस्परांच्या संमतीचा. याखेरीज याज्ञवल्क्य स्मृतीत 'अवरुद्धा' स्त्रीचा उल्लेख आहे, आणि कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास राहिलेल्या विज्ञानेश्वराने मिताक्षरेत तिचा अर्थ उलगडून सांगितला : एका पुरुषाने ज्या स्त्रीला इतरांचा संग वर्ज्य करून आपल्या आश्रयाखाली राखले, ती. ही पत्नी नव्हे. तथापि तो पुरुष मेल्यावर त्याची मालमत्ता घेणाऱ्याने तिला अन्नवस्त्र द्यावे, असा दंडक या ग्रंथांवरून निघाला. नीती शिकविणाऱ्यांनी तिची कितीही निंदा केली असो, तिला उपाशी मारावे असे धर्मशास्त्राने म्हटले नाही.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि ह्या सर्व रूढींवर एक नवा न्यायाधीश आला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना, दख्खनच्या निरनिराळ्या ज्ञातींत काय चालते याची चौकशी करण्याचे काम आर्थर स्टील या अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आले. त्याने शास्त्र्यांना विचारले तसे ज्ञातींच्या पंचांनाही विचारले, व त्याचा संग्रह १८२७ साली छापला गेला. लग्न, पाट, काडीमोड, दत्तक, वाटणी यांविषयीची ती माहिती आजही न्यायालयांत काढली जाते. त्याच १८२७ सालच्या मुंबईच्या चौथ्या रेग्युलेशनात असे ठरले की, सरकारी कायदा नसेल तेथे प्रथम त्या मुलखाची वहिवाट पाहावी. ग्रंथाआधी वहिवाट हा मुंबई इलाख्याचा विशेष होय, आणि पाटाच्या बायकोला पुढे जो काही आधार मिळाला तो बहुतांशी या एका कलमाचा.

परंतु सुधारणेचा कायदाही कधी कधी उलटा पडतो. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या खटपटीने १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला. ज्या ज्ञातींत विधवेचे लग्न अशक्य होते त्यांना तो वरदान होता यात संशय नाही. मात्र त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात, पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीवरील हक्क संपतो, असे घातले होते. ज्या ज्ञातींत पाट पिढ्यान् पिढ्या चालत आला होता त्यांना हे कलम लागू आहे काय? अलाहाबादच्या हायकोर्टाने नाही म्हटले. मुंबईच्या हायकोर्टाच्या पूर्णपीठाने १८९६ साली उलट निकाल दिला. म्हणजे जिला या कायद्याची गरजच नव्हती, तिच्यावर त्याचा भुर्दंड मात्र बसला. हा कायदा १९८३ साली रद्द करण्यात आला.

काडीमोडीवर घाव त्याआधीच बसला होता. नवऱ्याच्या संमतीवाचून त्याला सोडून दुसऱ्याशी नातरे लावण्याची एका ज्ञातीची चाल मुंबई हायकोर्टाने १८६४ साली अनीतिमूलक म्हणून झिडकारली. १८७६ च्या निकालात ते आणखी पुढे गेले : ज्ञातीच्या पंचायतीला विवाह रद्द ठरविण्याचा अथवा स्त्रीला दुसरे लग्न करण्याची परवानगी देण्याचा अधिकार आहे, हे आम्ही मानीत नाही. पंचांनी परवानगी दिली, आम्ही प्रामाणिकपणे समजलो की सर्व ठीक झाले, ही सबबही चालली नाही. काल जी पाटाची बायको होती ती आज दंडसंहितेच्या ४९४ व्या कलमाखालची आरोपी झाली. पंचायतींनी पुष्कळ जुलूम केले आहेत. दंड, वाळीत टाकणे, पाय धुऊन पाणी प्यावयास लावणे, सर्व काही. त्यांचा कैवार घेण्याचा माझा हेतू नाही, आणि २०१६ साली महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो उशिराच केला असे माझे मत आहे. परंतु या निकालाने पंचायतीचे काही बिघडले नाही. बिघडले ते त्या बाईचे, जिच्याजवळ पंचांच्या शब्दावाचून दुसरा पुरावाच नव्हता.

आता आपल्या घरची गोष्ट. गेल्या शतकाच्या आरंभी ज्ञातिज्ञातींच्या परिषदा भरू लागल्या. शिक्षणफंड, वसतिगृहे, हुंडाबंदी अशी मोलाची कामे त्यांनी केली. परंतु आपण वरच्या वर्णाचे आहोत हे सिद्ध करण्याच्या भरात पुष्कळ ज्ञातींनी पाटाची चाल 'हीन' म्हणून टाकून दिली. ब्राह्मण सुधारक विधवांचे विवाह लावण्यासाठी शिव्याशाप सोशीत असताना, ज्यांच्या घरी विधवेला पुन्हा संसार मांडण्याची मोकळीक होती त्यांनी ती दारे लावून घेतली! ज्यांनी चाल सोडली नाही त्यांनी निदान नाव बदलले. पाटाला 'गांधर्व' म्हणण्याची पद्धत पडली. शब्द शास्त्रातला, कानाला गोड. या नावानेच पुढे न्यायालयात कसा घोटाळा केला ते पाहण्यासारखे आहे. पण त्याआधी अवरुद्धेची हकीकत पुरी करू.

मुंबईच्या धनिक घराण्यांतून पुरुष वारला की घरची मंडळी आणि बाहेरची बाई यांचे दावे उभे राहत. अवरुद्धा म्हणजे घरात कोंडलेली, सबब जी कुटुंबाच्या छपराखाली राहिली नाही तिला पोटगी नाही, असा युक्तिवाद केला जाई. १९२६ साली प्रिव्ही कौन्सिलने मुंबईच्या एका खटल्यात तो मोडून काढला. संबंध उघड होता, तो पुरुषाच्या मरणापर्यंत टिकला, आणि ती स्त्री त्याच्याशी एकनिष्ठ राहिली, एवढे पुरे. त्याच्या मरणानंतरही तिने निष्ठा राखली पाहिजे अशी अट मात्र होती. पुरुषाच्या मरणानंतरच्या निष्ठेची अट फक्त बाईलाच असते, हे चतुर वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. १९४५ साली मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने आणखी एक पाऊल टाकले व जिचा नवरा जिवंत आहे अशी स्त्रीही अवरुद्धा ठरू शकते असे सांगितले.

मुलांची गोष्ट वेगळी. जुन्या हिंदू कायद्यात दासीपुत्राला बापाच्या मिळकतीत वाटा मिळे तो बाप शूद्र असेल तरच. वरच्या तीन वर्णांत नुसते अन्नवस्त्र. त्यामुळे वाटणीचा दावा म्हटला की ज्ञातीचा वर्ण कोणता याचीच चौकशी सुरू होई. तंजावरच्या भोसले राजघराण्यात तलवारीशी लग्न लावून आणलेल्या स्त्रिया होत्या. त्यांच्या वंशजांच्या हक्काचा प्रश्न मद्रास हायकोर्टापुढे गेला तेव्हा, त्या राजघराण्याला क्षत्रिय म्हणावे की शूद्र, याचा न्यायाधीशांनी शेकडो वर्षांचे कागद चाळून खल केला, आणि १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या निवाड्यात शूद्र असा निर्णय दिला. एका खोलीत बसून न्यायाधीश घराण्याचा वर्ण ठरवितात, तोही कोणाच्या आईचे लग्न खरे या वादातून, हा त्या काळच्या कायद्याचा नमुना होय.

स्वातंत्र्याच्या आगेमागे सर्वच पालटले. मुंबई प्रांताने १९४६ साली द्विभार्याप्रतिबंधक कायदा केला व १९४७ साली घटस्फोटाचा. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चे वारसाचे व पोटगीचे कायदे संसदेने संमत केले. एकपत्नीत्व आले, मुलीला वारसा आला. पण त्याच झाडणीत अवरुद्धा स्त्री कायद्याच्या पुस्तकातून बाहेर फेकली गेली. १९५६ च्या पोटगीच्या कायद्यातील आश्रितांच्या यादीत अनौरस मुलांना जागा मिळाली, त्यांच्या आईला नाही. ज्यांचा पुरुष कायदा येण्याआधीच वारला होता त्या स्त्रियांचा हक्क तेवढा सुप्रीम कोर्टाने १९६५ साली कायम ठेवला. पुढच्यांसाठी दार बंद झाले. काडीमोडीला मात्र या कायद्याने जागा ठेवली : २९ व्या कलमात रूढीने मिळणारा घटस्फोट राखून ठेवला आहे. अट एकच, ती रूढी आहे हे सिद्ध करावे लागते, आणि 'आमच्यात चालते' एवढे म्हणून ती सिद्ध होत नाही.

मग विधीचा पुरावा नसलेल्या स्त्रीला आधार कशाचा? तो सापडतो विवाहाच्या कायद्यात नव्हे, तर पुराव्याच्या कायद्यात. १८७२ च्या कायद्याच्या ११४ व्या कलमाने न्यायाधीशाला, मनुष्याच्या वागण्याचा सर्वसाधारण क्रम पाहून, एखादी गोष्ट घडली असे गृहीत धरण्याची मुभा दिली. ५० व्या कलमाने, ज्यांना कुटुंबाची जवळून माहिती आहे त्यांची समजूत, त्यांच्या वागणुकीतून दिसेल तशी, पुराव्यात घेण्यास सांगितले. (१ जुलै २०२४ पासून हा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तेथे हीच कलमे अनुक्रमे ११९ व ४४ झाली आहेत.) प्रिव्ही कौन्सिलने सिलोनच्या एका खटल्यात १९२७ साली जे सांगितले ते आजपर्यंत टिकले आहे. स्त्रीपुरुष नवराबायकोप्रमाणे एकत्र राहिली असे दिसले, तर त्यांचे लग्न झालेले आहे असेच कायदा धरून चालतो; तसे नाही हे दाखविण्याचा भार नाही म्हणणाऱ्यावर. १९५२ साली आपल्या सुप्रीम कोर्टाने त्याला एक लगाम घातला : हे गृहीत मोडता येते, आणि विरुद्ध गोष्टी प्रबळ असतील तर न्यायालयाने त्यांकडे डोळेझाक करू नये. १९७८ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यापुढे आलेल्या खटल्यात जोडपे सुमारे पन्नास वर्षे एकत्र राहिलेले होते, आणि विरुद्ध पक्ष लग्नाचा पुरावा मागत होता. अर्ध्या शतकानंतर भटजी कोठून आणावा? एवढ्या मुदतीनंतर साक्षी मागू लागले तर फार थोडी लग्ने सिद्ध होतील, असा त्या छोट्याशा निकालाचा रोख आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. कायदा अशा जोडप्याला 'लग्नाशिवायचे भागीदार' म्हणत नाही. तो म्हणतो की यांचे लग्न झालेलेच असले पाहिजे. सबब दोघांपैकी एकाचे दुसरे लग्न शाबूत आहे असे निघाले की गृहीताची सारी इमारत कोसळते. शिवाय ५० व्या कलमालाच एक परंतुक जोडलेले आहे : घटस्फोटाच्या अथवा द्विभार्येच्या खटल्यात केवळ लोकांच्या समजुतीवर लग्न सिद्ध होणार नाही.

या परंतुकाच्या मागे जो कडकपणा आहे तो १९६५ च्या लोखंडे खटल्यात दिसून आला. आपल्याच राज्यातील हा खटला. पहिली पत्नी हयात असताना एका गृहस्थाने १९६२ साली दुसऱ्या स्त्रीशी 'गांधर्व' लावला. हा शास्त्रातला गांधर्व नव्हे. रूढीतल्या पाटाला जे गोंडस नाव मिळाले होते तोच. हार घातले, कपाळाला कपाळ लावले, झाले. पहिलीने फिर्याद केली. खालच्या कोर्टांनी शिक्षा दिली. सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली. कारण होम आणि सप्तपदी हे आवश्यक विधी झाले नव्हते, व ते वगळण्याची रूढी आहे हेही सिद्ध झाले नाही. गेल्या पाचसात वर्षांत असे होत आले आहे एवढा पुरावा रूढी ठरविण्यास पुरत नाही. दुसरे लग्न हे लग्नच नव्हे, मग दुसऱ्या लग्नाचा गुन्हा कोठला?

तर्क बिनचूक आहे. परंतु त्याचे फळ काय झाले ते पाहावे. दुसरी बायको करणारा सुटला. पहिलीला न्याय मिळाला नाही. दुसरी तर कोणाचीच कोणी नाही असे ठरले. ज्ञातीच्या पुढाऱ्यांनी पन्नास वर्षे पाटाला पाट म्हणण्याची लाज धरली, त्याची रूढी कोठे लिहून ठेवली नाही, पाटाच्या वह्या केल्या नाहीत. त्याची किंमत अशी मोजावी लागली, असे मला पुष्कळदा वाटते. रूढी सिद्ध करावयाची तर कोणीतरी ती अभिमानाने सांगितली पाहिजे ना!

पोटगीच्या बाबतीतही गाडी बराच काळ याच चाकोरीतून गेली. महाराष्ट्रातील यमुनाबाई आढाव यांच्या खटल्यात १९८८ साली असे ठरले की, आधीच विवाहित असलेल्या पुरुषाशी लग्न लागलेली स्त्री फौजदारी संहितेच्या १२५ व्या कलमाच्या अर्थाने 'पत्नी' नव्हे, सबब पोटगी नाही. २००३ साली न्यायमूर्ती मलिमठ समितीने शिफारस केली की, पुष्कळ काळ पत्नीसारखी राहिलेली स्त्रीही त्या कलमात यावी. ऑक्टोबर २००८ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने तशी दुरुस्ती करण्याचे ठरविले, वर्तमानपत्रांतून गदारोळ झाला, आणि पुढे ती दुरुस्ती कायद्यात उतरली नाही. २०१३ साली मात्र सुप्रीम कोर्टाने, महाराष्ट्रातूनच आलेल्या दुसऱ्या एका खटल्यात, ज्याने पहिले लग्न लपवून दुसरे केले त्याला स्वतःच्या लबाडीचा फायदा घेऊ दिला नाही, आणि फसविलेल्या स्त्रीला पोटगी दिली. तेव्हा जाणून आलेली व फसून आलेली यांत आता भेद पडला आहे.

हे सर्व पुस्तकी वाटेल, म्हणून डोळ्यांदेखत घडलेली एक हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्या मंडळाच्या कार्यालयात मी बसत असताना एक वयस्क बाई आल्या. नवरा कारखान्यातून निवृत्त होऊन वारला होता. जेथून निवृत्तिवेतन मिळावयाचे त्या कचेरीने लग्नाचा दाखला मागितला. दाखला नव्हता, गावी म्होतूर लागला होता, चाळीस वर्षांमागे. छायाचित्र नव्हते. बाई म्हणाल्या, "भाऊ, मी घरातली नव्हे, बायको आहे. हे कुणाला सांगू?" आम्ही लग्नघरांतील आहेराच्या जुन्या वह्या मागविल्या. तीन लग्नांतून नवराबायकोच्या जोडनावाने लुगडे व भांडे नोंदलेले निघाले. मंडळाच्या सभासदांच्या यादीत नवऱ्याच्या नावाखाली 'कुटुंब' म्हणून त्यांचे नाव होते. शिधापत्रिका होती, मतदारयादी होती. कोर्टात हे सर्व उपयोगी पडले. पन्नासावे कलम म्हणते ते हेच, जवळच्यांची समजूत, वागणुकीतून दिसणारी. अडले ते दुसरीकडेच. बाईंचे आधी एक लग्न झाले होते आणि त्याची काडीमोड पंचांपुढे झाली होती. त्या पंचांपैकी एकच जिवंत. कानाने बहिरे. त्यांना कोर्टात नेले, प्रश्न ओरडून विचारावे लागले. काडी मोडली काय? म्हणाले, "मोडली, माझ्याच अंगणातली काडी." बाईंना पैसे मिळाले, पण अर्ज केल्यापासून तिसऱ्या वर्षी.

आता तरुणांच्या प्रश्नाकडे वळतो. प्रौढ स्त्रीपुरुषांनी लग्नावाचून एकत्र राहणे हा गुन्हा नव्हे, हे सुप्रीम कोर्टाने २०१० साली स्पष्ट केले. गुन्हा नाही याचा अर्थ हक्क आहे असा नव्हे. हक्काचे पहिले कलम आले ते कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याने. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. 'विवाहाच्या स्वरूपाचा संबंध' हे शब्द त्यात प्रथमच आले, आणि अशा संबंधातील स्त्रीला संरक्षण, घरात राहण्याचा हक्क व पैशाची मदत मागता येऊ लागली. त्या शब्दांचा अर्थ ऑक्टोबर २०१० मध्ये वेलुसामी खटल्यात लावला गेला. दोघांनी समाजात नवराबायको म्हणून वावरले पाहिजे. दोघे विवाहयोग्य वयाची हवीत. दोघांना एकमेकांशी लग्न करण्यास कायद्याची आडकाठी नको. आणि आपखुशीने बराच काळ एकत्र राहिलेली असावीत. या निकालात 'ठेवलेली' या अर्थाचा इंग्रजी शब्द वापरला गेला आणि त्यावर सरकारच्या ज्येष्ठ विधिज्ञ इंदिरा जयसिंग यांनी उघड आक्षेप घेतला. तो योग्यच होता. विज्ञानेश्वराचा 'अवरुद्धा' हा शब्दही यापेक्षा सभ्य आहे.

नोव्हेंबर २०१३ च्या इंद्रा शर्मा निकालात कसोट्या अधिक सविस्तर आल्या : किती काळ, कोणते घर, पैसा एकत्र होता काय, घरकाम कोणी कसे वाटून घेतले, मुले झाली काय, लोकांत कसे वावरले, मनात काय होते. वर्षांचा आकडा मुद्दामच घातलेला नाही. त्या खटल्यातील स्त्री मात्र हरली, कारण पुरुष विवाहित आहे हे तिला आरंभापासून माहीत होते. अशा स्त्रियांसाठी व त्यांच्या मुलांसाठी संसदेने काहीतरी करावे, असे न्यायमूर्तींनी त्याच निकालात लिहिले आहे.

आपल्यापैकी पुष्कळांची मुले परदेशी आहेत, म्हणून तिकडचे दोन शब्द. विलायतेत लग्नावाचूनचा संसार 'जुन्या वहिवाटीच्या कायद्याने' लग्न ठरतो, असा तेथील सामान्य जनांचाही समज आहे. तो खोटा आहे. १७५३ च्या विवाहकायद्याने इंग्लंडात तसली लग्ने संपली. स्कॉटलंडात लोकसमजुतीवर ठरणारे लग्न २००६ पर्यंत शिल्लक होते. कॅनडात उलट आकडे आहेत, आणि तेही प्रसंगागणिक निराळे : मध्यवर्ती सरकारच्या करासाठी बारा महिन्यांचा एकत्र संसार पुरतो, आँटॅरियो प्रांतात पोटगीसाठी तीन वर्षे लागतात, ब्रिटिश कोलंबियात मिळकतीच्या वाटणीसाठी दोन. तेव्हा टोराँटोला असलेल्या मुलाने 'आम्ही नुसते एकत्र राहतो' म्हटले, तरी तेथील करखाते वर्षानंतर त्याला संसारी धरते, हे घरच्यांनी जाणून असावे.

मुलांच्या बाबतीत आपला कायदा आईबापांपेक्षा अधिक उदार होत गेला आहे. विवाह रद्दबातल असला तरी त्यातील अपत्ये औरस, हे हिंदू विवाह कायद्याच्या १६ व्या कलमात १९७६ च्या दुरुस्तीने पक्के झाले. १ सप्टेंबर २०२३ रोजी सुप्रीम कोर्टाने ठरविले की, वडिलांच्या वाट्याला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून जे येईल त्यातही अशा मुलांचा हिस्सा आहे. २०२२ च्या एका निकालात दीर्घ सहवासावरून लग्न गृहीत धरून मुलाला वाटणी मिळाली आहे. उत्तराखंडाने तर २७ जानेवारी २०२५ पासून लग्नावाचून एकत्र राहणाऱ्यांची सरकारात नोंद सक्तीची केली. सोडून दिलेल्या स्त्रीला पोटगी मागता येते व अपत्य औरस ठरते, पण नोंद टाळली तर शिक्षाही आहे. त्यावर वाद चालू आहेत. मला मात्र तो कायदा वाचताना पाटदामाची आठवण झाली. महाराष्ट्रात अशी सक्ती नाही. येथे लग्नाच्या नोंदणीचा १९९८ चा कायदा आहे आणि ज्यांचे लग्न झाले आहे त्यांनी, विधी कोणताही असो, नोंद करून घ्यावी हे उत्तम.

राहता राहिल्या जुन्या वह्या. आपल्या मंडळाच्या माडीवर दोन पत्र्याच्या पेट्यांत पंचांचे ठराव, सभासदांच्या याद्या आणि काही कुटुंबांनी दिलेल्या आहेराच्या वह्या पडून आहेत. एका पेटीला वाळवी लागली होती, ती गेल्या पावसाळ्यानंतर साफ केली. १९३० च्या अलीकडच्या काडीमोडीच्या नोंदी त्यांत मोडी लिपीत आहेत. ज्यांना मोडी वाचता येते अशा दोघा वडील सभासदांनी रविवारी सकाळी येण्याचे कबूल केले आहे. आणखी कोणी असल्यास चिटणीसांकडे नाव द्यावे. आणि घरोघरच्या वह्या रद्दीत घालण्यापूर्वी एकदा आम्हांस दाखवाव्या.